अर्ध्यावर ठेवलेली बाही

अण्णांनी सगळ्यांना रविवारी दुपारी चार वाजता कारखान्यात बोलावलं, तेव्हाच घराला कळून चुकलं की बेतायचं टेबल कुणाच्या ताब्यात जाणार ते आज ठरणार. साधं बोलायचं असतं तर ते जेवताना बोलले असते. कारखान्यात बोलावलं म्हणजे बाप म्हणून नव्हे, मास्तर म्हणून बोलावलं.

कारखाना आपला म्हणायचा. पहिल्या मजल्यावरची एक लांबुळकी खोली, रस्त्याकडे तीन खिडक्या, भिंतीलगत पाच शिलाई मशिनं, कोपऱ्यात इस्त्री आणि मधोमध ते टेबल. चार माणसं सहज आडवी होतील एवढं मोठं, कडेला पितळी पट्टीवर माप कोरलेलं. या घरात शिवायला सगळेच शिकले, पण नव्या कापडाला कात्री लावायची ती एकानेच. आधी आजोबांनी, मग अण्णांनी. आता त्र्याऐंशीव्या वर्षी अण्णांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. गेल्या महिन्यात त्यांनी एका कोटाची पाठ बोटभर तिरकी कापली, कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, "पुरे झालं माझं."  त्यांचा मुलगा भाऊ त्या दिवसापासून येता-जाता टेबलावरची धूळ पुसू लागला.

ताई पावणेचारलाच येऊन बसली होती. ती चौपन्न वर्षांची, भावंडांत थोरली. तिने बसवलेल्या बाहीला शहरात तोड नाही असं गिऱ्हाइकं म्हणत, पण तिच्यासमोर म्हणत नसत, कारण ती लगेच त्याच बाहीतली चूक दाखवून त्यांचा विरस करी. आज तिला अण्णांच्या आधी बोलायचं होतं. मी टेबल घेणार नाही, एवढंच नव्हे, मी हे कामच सोडतेय, असं सांगून टाकायचं होतं. हे फक्त धाकटीला ठाऊक होतं. धाकटी तिची बहीण, दुसऱ्या शहरात इस्पितळात नर्स. ती सकाळच्या बसने आली होती आणि सहाच्या परतीच्या बसची दोन तिकिटं तिच्या पर्समध्ये होती. एक तिचं, एक ताईचं.

कारण सांगायला गेलं तर काहीच नव्हतं, आणि तेच ताईला खात होतं. वर्षापूर्वी एका मंगळवारी सकाळी ती मशिनीसमोर बसली आणि तिच्या ध्यानात आलं, आपल्याला शिवावंसं वाटत नाहीये. घरात कुणी गेलं नव्हतं, कुणाशी वाजलं नव्हतं, गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत होती. तिने वाट पाहिली. आठवडा गेला, महिना गेला, पण ती जुनी ओढ काही परत आली नाही. चाळीस वर्षं जी हाताआधी टेबलाशी जाऊन बसायची, तिने पाठ फिरवली ती फिरवलीच.

काम मात्र थांबलं नाही, आणि ते का थांबलं नाही हे ताईचं दुसरं गुपित होतं. असंच एकदा संध्याकाळी वीज गेली आणि बाही अर्धी बसवलेली, सुई मुंढ्यात, म्हणजे बाही जोडायच्या घेरात, टोचलेली, तशीच टाकून ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी काहीच नको वाटत असताना तिचा हात आपणहून त्या सुईकडे गेला. अर्धं राहिलेलं काम बोटांना बघवेना. नऊ वाजेपर्यंत ती बाही झाली आणि त्या भरात दुसरीही झाली. त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी मुद्दाम अर्ध्यावर उठू लागली. दिवसभराचं सगळं पुरं करायचं, पण एक बाही मध्यावर सोडायची, सुईसकट. वर सुती कापड झाकायचं, कारण या कारखान्यातला पहिला आणि सगळ्यात कडक नियम हाच होता, की सुई कापडात ठेवून उठायचं नाही. आजोबांनी घालून दिलेला. लहानपणी या एका चुकीसाठी घरातल्या प्रत्येकाच्या बोटांवर मापाच्या लाकडी गजाचा फटका बसला होता. चौपन्नाव्या वर्षी ताई रोज संध्याकाळी ही चोरी करत होती, आणि एखाद्या शाळकरी पोरीसारखी दाराकडे बघत करत होती.

शनिवारी संध्याकाळीही तिने तेच केलं होतं. कोट मात्र नेहमीचा नव्हता. तो वाद्यवृंदाच्या संचालकांचा होता.

भाऊ कागद घेऊन आला. तो ताईपेक्षा चार वर्षांनी लहान. गिऱ्हाइकं, मशिनं, वेळापत्रक सगळं त्याच्याकडे. बोलायचे मुद्दे तो लिहून आणायचा, आणि कुणी मुद्दा सोडून बोललं की कागदावर पेन आपटायचा. त्याच्यामागून त्याची बायको चहाचा ट्रे घेऊन आली. तिला घरात सगळे झटपट म्हणत, आणि तिलाही ते आवडे. तिच्या हाताखालून जे जाई ते पुरं होऊनच जाई. उष्टा कप दिसला की धुतला, उसवलेलं दिसलं की शिवलं. समोरच्याचं वाक्य लांबलं तर तेही तीच पुरं करून टाकी. शेवटी त्यांचा मुलगा आला. हा व्याख्याता. कंपन्यांमध्ये जाऊन लोकांना कामाला उत्साह कसा आणावा हे सांगणं हा त्याचा धंदा, आणि रविवारी दुपारी तीनपर्यंत झोपणं हा त्याचा छंद.

"अण्णा यायच्या आत मी दोन शब्द बोलू का?" व्याख्याता म्हणाला.

"तुझे दोन शब्द म्हणजे दीड तास," धाकटी म्हणाली. "आम्ही आधीच मेलेले आहोत, आम्हाला जागं करू नकोस."

"आत्या, हसण्यावारी नेऊ नकोस. रोज सकाळी उठल्यावर माणसानं आरशासमोर उभं राहून स्वतःला विचारायचं, मी हे का करतोय? त्याचं उत्तर मिळालं की पाय आपोआप चालायला लागतात."

"आणि नाही मिळालं तर?" ताईने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

व्याख्याता क्षणभर अडखळला. बहुधा कंपन्यांत हा प्रश्न कुणी विचारत नसावं. "नाही मिळालं तर... पुन्हा विचारायचं."

"म्हणजे माणूस आरशासमोरच," भाऊ म्हणाला. "आणि दुकान बंद. बस खाली."

अण्णा जिना चढून आले ते धापा टाकत, पण खुर्चीवर बसेपर्यंत त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. ताईने घसा साफ केला. "अण्णा, तुम्ही काही सांगायच्या आधी..."

"थांब. तुझं नंतर. आधी मला कोट दाखव. उद्या दहाला तो माणूस ट्रायलला येणार. त्याला पसंत पडला तर त्याच्या चाळीस वादकांचे कोट आपले; त्यांचं कापड आणि मापं त्यानं आधीच धाडलीत. नाही पडला तर पुढचे सहा महिने आपण पडद्यांच्या कडा शिवत बसू. टेबल कुणाला द्यायचं ते मी कोट बघून बोलेन."

आता सांगून टाकावं की कोट दाखवावा, या पेचात ताईने कोटाला हात घातला. सुती कापड काढलं आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

बाही अर्धी नव्हती. सुई नव्हती. उजवी बाही पूर्ण बसवलेली होती, वरून इस्त्रीसुद्धा मारलेली.

"घाल रे," अण्णांनी नातवाला फर्मावलं. "तुझा आणि त्याचा बांधा एक आहे. उत्साह तेवढा कमी दाखव."

व्याख्याता कोट चढवून टेबलापुढे उभा राहिला. खांदे झकास बसले होते, कॉलर मानेला लागून होती. भाऊने समाधानाने कागदावर एक खूण केली.

"आता हात वर कर. तो माणूस संचालक आहे, रस्त्यावरचा पुतळा नाही. त्याला दोन तास हात वर धरायचे असतात."

व्याख्यात्याने दोन्ही हात वर केले. डावीकडचा कोट होता तिथेच राहिला. उजवीकडचा निघाला तो थेट कानाला जाऊन भिडला. कॉलर डोक्यामागे उभी राहिली, पुढची बटणं ताणली गेली आणि पाठीवर एक मोठी चुणी पडली. व्याख्यात्याने हात खाली केला, कोट खाली आला. हात वर केला, कोट वर गेला. दुसऱ्या कुठल्या दिवशी हे बघून धाकटी हसून हसून लोळली असती.

"ही बाही कुणी बसवली?" अण्णांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"मी," झटपट म्हणाली. आधी ती हसतमुखाने म्हणाली, मग सगळ्यांचे चेहरे बघून तिचं हसू मावळलं. "काल रात्रीचं दार लावायला मी वर आले होते. बघते तर वन्संची बाही अर्धीच, आणि सुई तशीच आत. म्हटलं, बाई दमल्या असतील, विसरल्या असतील. उद्या अण्णांच्या नजरेला पडलं तर उगीच बोलणी बसायची. म्हणून पुरी करून टाकली. मला पुरतं आठवतंय, मी नीट बसवली. उलट खडूची खूणच सरकलेली होती. बाहीवरची खूण मुंढ्याच्या खुणेपेक्षा दोन बोटं पुढे. ती मी जागेवर आणली, खाली शिवणीत सोडलेली जादा माया कापून टाकली, आणि..."

"माया कापलीस?" ताईचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"चांगली दीड इंच होती हो! एवढी कुणी ठेवतं का?"

"मी ठेवते. त्या माणसाचा उजवा खांदा पुढे आहे. छडी धरून धरून झालाय तसा. मी त्याच्या हातात लाकडी गज दिला, त्याला इथं उभं करून पंधरा मिनिटं हात हलवायला लावले आणि तो हात कुठवर नेतो ते बघून खूण दोन बोटं पुढे घेतली. खालची माया त्याचा हात वर जाण्यासाठी होती."

झटपट मटकन खुर्चीवर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईला तिचा राग यायला हवा होता, पण तो आला नाही. भावजयीने तिच्यासाठीच चोरी झाकली होती. जी चूक झाली ती ताईच्या चोरीच्या पोटातून आली होती.

भाऊ मात्र भलत्याच गोष्टीवर अडकला होता. "एक मिनिट," तो म्हणाला. "सुई आत होती? ताई, तू सुई कापडात ठेवून उठलीस?"

"हो."

"विसरलीस?"

आता विसरले म्हणावं आणि प्रकरण मिटवावं, असं तिच्या मनात आलं. सगळ्यांना तेच हवं होतं. झटपटने तर मान हलवून तिला तसं सुचवलंही. पण वर्षभर दाराकडे बघत काम करून ताई कंटाळली होती.

"नाही. मुद्दाम. वर्षभर रोज ठेवतेय."

पेन आपटायचं भाऊच्या ध्यानातही राहिलं नाही.

ताईने सगळं सांगितलं. मंगळवारची सकाळ, वीज गेलेली संध्याकाळ, अर्धी बाही, सुती कापड. अडखळली नाही, डोळे पुसले नाहीत. कुणा गिऱ्हाइकाला कापडाचा दोष दाखवावा तशी स्वतःला दाखवून मोकळी झाली. "मला शिवावंसं वाटत नाही, अण्णा. म्हणून मी आज सांगणार होते. मी धाकटीबरोबर चाललेय. सहाची बस आहे. टेबल भाऊला द्या."

"मला माहीत होतं हे," धाकटी म्हणाली. "मीच तिला चल म्हटलं. चाळीस वर्षं राबली, आता तिचं मन नाही तर तिला बांधून ठेवणार का तुम्ही?"

"बांधून कोण ठेवतंय?" भाऊ तडकला. इतके दिवस त्याला टेबल हवं होतं, आता ते समोरून चालून आलं तर त्याला ते तसं नको होतं. "पण वर्षभर मन नसताना शिवतेस, गिऱ्हाइकाला देतेस, आम्हाला पत्ता लागू देत नाहीस. याला काय म्हणायचं? आजोबांनी या कामात जीव ओतला. ज्याचं मन कामात नाही त्यानं कापडाला हात लावू नये."

"त्या बाह्यांत काही खोट निघाली का?" अण्णांनी विचारलं.

"नाही, पण..."

"वर्षभरात एक तरी कोट परत आला?"

"नाही आला."

"अहो, मग तुमचंही सांगा की," झटपट एकदम म्हणाली. रडणं थांबवून ती नवऱ्याकडे वळली होती, आणि तिचं तोंड सुटलं की मध्ये थांबत नसे हे भाऊला वीस-पंचवीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. "सकाळी नऊला घरातून निघता. कारखाना पाच मिनिटांवर. तुम्ही पोचता साडेनऊला. मधली पंचवीस मिनिटं कुठं असता? मी एकदा मागून आले होते. समोरच्या चौकाला तीन फेऱ्या मारता. दारापर्यंत येता, परत वळता. तिसऱ्या फेरीला वर चढता."

भाऊच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "मी चालायला जातो. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी दारात येऊन परत फिरायला सांगितलंय?" धाकटीने विचारलं.

"आणि मी," झटपट पुढे म्हणाली, "मी काय हौसेनं सगळं झटपट उरकते? मला एकदा थांबले की पुन्हा सुरूच करता येत नाही. जेवायला बसले तरी भीती वाटते, की आता उठवणार नाही. म्हणून मी काही अर्धं ठेवत नाही. वन्सं अर्धं ठेवतात, मी ठेवत नाही. दुखणं एकच आहे आमचं."

ताई तिच्याकडे बघत राहिली. या बाईबरोबर ती पाव शतक एका खोलीत बसली होती, आणि तिचा झपाटा बघून रोज मनातल्या मनात खट्टू झाली होती. हिला किती उत्साह, आपल्याला का नाही, म्हणून. आपण दोघी एकमेकींना किती फसवलं, या विचाराने तिला हसू आलं. 

"आता खरं सांगायचा दिवसच आहे तर," व्याख्याता म्हणाला. तो अजून कोटातच होता. "व्याख्यान असतं त्या दिवशी सकाळी मला अंथरुणातून उठवत नाही. आई माझे बूट पलंगाच्या दुसऱ्या टोकाला ठेवते. ते आणायला मला अख्खा पलंग ओलांडावा लागतो. ओलांडला की मग होतं."

"आणि आरसा?" धाकटीने विचारलं.

"आरसा लोकांसाठी."

सगळे हसले. भाऊसुद्धा, इच्छा नसताना. धाकटी हसता हसता थांबली आणि ताईकडे न बघता म्हणाली, "मलाही वॉर्डात रोज जावंसं वाटतं असं समजू नका. मी युनिफॉर्म घालून नाश्ता करते. एकदा तो अंगावर चढला की काढायचा कंटाळा येतो, म्हणून जाते." मग तिच्याच ध्यानात आलं की आपण आपलाच पक्ष सोडून बोललो. ती पर्सचा बंद ओढत राहिली.

अण्णा हे सगळं हनुवटीखाली काठी धरून ऐकत होते. ते बोलायला लागले तेव्हा भाऊला वाटलं आता आजोबांचा नियम, घराण्याची रीत असं काहीतरी येणार. तो ताठ बसला.

"सुईचा नियम कशासाठी होता माहीत आहे का कुणाला?"

"कामाचा मान म्हणून," भाऊ म्हणाला. "हातातलं काम पुरं केल्याशिवाय उठायचं नाही."

"गंजासाठी," अण्णा म्हणाले. "तेव्हा सुया साध्या लोखंडाच्या यायच्या. खोलीला ओल होती. रात्रभर सुई कापडात राहिली की सकाळी तिथं तांबूस डाग. पांढऱ्या कापडाचा सत्यानाश. माझ्या वडिलांचे तीन सदरे असे गेले, म्हणून त्यांनी नियम केला. मान-बिन काही नाही. गेली चाळीस वर्षं सुया गंजत नाहीत. नियम काढायचा राहून गेला, एवढंच."

भाऊचा चेहरा बघण्यासारखा झाला. लहानपणी बसलेले सगळे फटके त्याला एकदम आठवले असावेत.

"पण अण्णा, तुम्हाला तर काम आवडायचं," ताई म्हणाली. हा प्रश्न ती वर्षभर विचारू पाहत होती आणि विचारायला घाबरत होती. "तुम्ही साठ वर्षं या टेबलाशी उभे राहिलात. तुम्हाला रोज वाटायचं ना?"

"रोज?" अण्णा विचारात पडले. हिशेब चुकू नये अशा बेताने त्यांनी बराच वेळ घेतला. "आठवड्यातून एखादा दिवस वाटायचं. तो दिवस फार सुंदर जायचा, खोटं कशाला बोलू. बाकीच्या दिवशी उद्या गिऱ्हाईक येणार असायचं."

"आणि तेवढ्यावर साठ वर्षं काढलीत?"

"तेवढं पुष्कळ असतं ग. तुला कुणी सांगितलं की ओढ आधी यायला हवी आणि हात नंतर? माझे हात नेहमी पुढे असायचे. ओढ कधी मागून यायची, कधी नाही यायची. ती आली नाही म्हणून कुठला कोट उघडा राहिला नाही."  मग साध्या आवाजात म्हणाले, "तुला जायचं तर जा. मी अडवणार नाही. पण मन लागत नाही म्हणून जाऊ नकोस. दुसरीकडे जावंसं वाटतंय म्हणून जा. त्यात फरक आहे."

ताईने धाकटीच्या शहराचा विचार करून पाहिला. दोन खोल्यांचं घर, गॅलरी, समोर बाग. तिथं सकाळी उठून ती काय करणार होती? तिने वर्षभर इथून निघायचा विचार केला होता, पण तिथं पोचायचा एकदाही केला नव्हता. हे तिला आत्ता, सगळ्यांसमोर बसून कळलं.

घड्याळात पावणेपाच झाले होते. व्याख्यात्याने कोट काढून टेबलावर ठेवला. अण्णांनी उजवी बाही हातात घेतली, आतली शिवण बोट फिरवून पाहिली. "ही गेली. नवी बाही कापावी लागेल. कापड किती उरलंय?"

भाऊने कपाटातून तुकडा आणून टेबलावर पसरला. गडद काळा, बारीक विणीचा. संचालकांचं कापड वेगळं होतं आणि त्यातलं एवढंच शिल्लक होतं. पितळी पट्टीवर त्याने माप घेतलं, पुन्हा घेतलं. "एक बाही निघते. जेमतेम. चुकायला जागा नाही."

"काप मग," अण्णा म्हणाले. "टेबल भाऊला द्या म्हणतेय ना ती. काप."

भाऊने कात्री उचलली. जुन्या बाहीच्या मापाचा कागद त्याने तुकड्यावर ठेवला, खडू घेतला, खांद्याची खूण कुठे यावी म्हणून वाकून पाहिलं. खडू कापडावर टेकला नाही. तो तसाच वाकून उभा राहिला. ताईला त्याची मान मागून दिसत होती, पिकलेल्या केसांची, आणि तिला कळत होतं की या माणसाने लहानपणापासून या टेबलाची वाट पाहिली आहे. त्याने कात्री खाली ठेवली.

"त्या माणसाचा खांदा मी पाहिलेला नाही," तो म्हणाला. "तू पाहिलायस. मी कापली तर बाही नेहमीची होईल. चांगली होईल, पण नेहमीची." मग टेबलाकडे बघतच, "उद्या दहाला तो येणार आहे, ताई."

झटपट उठली, तिने खिडकीचा पडदा बाजूला सारून टेबलावर उजेड घेतला. धाकटीने पर्स मांडीवरून काढून खाली ठेवली. 

ताई टेबलाशी आली. आत काही हलतंय का ते तिने पाहिलं. काही हललं नाही. कापड कापडासारखं दिसत होतं, खडू खडूसारखा. गुडघे दुखत होते. मात्र तो माणूस गज हातात धरून उभा राहिला होता तेव्हा त्याचा खांदा नेमका कुठल्या क्षणी पुढे गेला, हे तिच्या बोटांना अजून ठाऊक होतं. तिने कागद सरळ केला, तो बोटभर फिरवला, खूण पुढे घेतली, खाली दीड इंच माया सोडली.

"दोन बोटं?" झटपटने हळूच विचारलं.

"दोन बोटं. बघून ठेव."

अण्णांनी काठी बाजूला ठेवली आणि थरथरत्या हाताने कापडाचं एक टोक धरलं. भाऊने दुसरं धरलं. ताईने कात्री घातली. कात्रीचा आवाज सुरू झाला की या खोलीत कुणी बोलत नसे. वळणावर ती थांबली नाही, मुंढ्याच्या उंचवट्यावर एकदा पातं उचलून पुन्हा टेकवलं आणि एका दमात कड पूर्ण केली. बाही सुटून टेबलावर पडली. उरल्या कापडाची एक चिंचोळी पट्टी भाऊच्या हातात राहिली.

अण्णा पुढे वाकले. बाही उलटी केली, सुलटी केली, उजेडाकडे धरली. त्यांनी मान हलवली. शाबासकी म्हणून नव्हे, हिशेब बरोबर आला म्हणून.

"काय ग," भाऊने विचारलं. त्याच्या आवाजात आता चिडचिड नव्हती, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "लागलं का मन?"

"अजून नाही," ताई म्हणाली आणि कात्रीची पाती पदराला पुसली. "वादकांचं कापड काढ. उद्या त्याची ट्रायल झाली की व्हायोलिनवाल्यांपासून सुरू करू."